नसबंदीनंतरचे तीन महिने

नोव्हेंबर 1923 मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या दोन्ही शुक्रवाहिन्या बांधून घेतल्या. तेव्हा ते 67 वर्षांचे होते आणि त्यांना जबड्याचा कर्करोग झाला होता. मूल होऊ नये हा हेतू अर्थातच नव्हता. यूजेन श्टाइनाख या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा त्या काळी मोठा बोलबाला होता. शुक्राणूंची वाट अडवली की वृषणातल्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशी जोमाने वाढतात आणि पुरुषाला नवी उमेद येते, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे रोगालाही आळा बसेल, अशी फ्रॉइड यांना आशा होती. पुढे 1934 मध्ये आयरिश कवी विल्यम बटलर येट्स यांनी लंडनमध्ये नव्या उमेदीच्या आशेने हीच शस्त्रक्रिया करून घेतली.

शंभर वर्षांपूर्वी पुरुषत्व वाढावं म्हणून जी शस्त्रक्रिया युरोपातले नामवंत करून घेत होते, तीच आज आपल्याकडे पुरुषत्व जाईल म्हणून टाळली जाते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांचं कारणही एकच आहे. वृषणात दोन कामं चालतात. एक शुक्राणू तयार करण्याचं, दुसरं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करण्याचं. शुक्राणू शुक्रवाहिनीतून पुढे जातात. टेस्टोस्टेरॉन मात्र लायडिग पेशींमधून थेट रक्तात मिसळतं, त्याला शुक्रवाहिनी लागतच नाही. नसबंदीत कापली जाते ती फक्त शुक्रवाहिनी. त्यामुळे संप्रेरक वाढतही नाही आणि घटतही नाही. दाढी, आवाज, स्नायूंची ताकद, कामेच्छा सगळं होतं तसंच राहतं. लिंगाला ताठरता आणणाऱ्या मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या वेगळ्या मार्गाने जातात. वृषणकोशात ज्या जागी काम होतं, तिथून त्या दूर आहेत.

मग शुक्राणूंचं काय होतं? ते पूर्वीसारखेच रोज कोट्यवधींनी तयार होत राहतात. पुढची वाट बंद असल्याने अधिवृषणात विरघळतात आणि शरीर त्यांना शोषून घेतं. वीर्याचं प्रमाणही डोळ्यांना कमी दिसत नाही, कारण वीर्यातला सुमारे 95 टक्के द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो आणि या दोन्ही ग्रंथी छेदाच्या पुढे आहेत.

आज सरकारी रुग्णालयांत बहुतेक ठिकाणी बिनटाका नसबंदी होते. चीनमध्ये ली शुनच्यांग या डॉक्टरांनी 1974 मध्ये ही पद्धत विकसित केली. तेवढीच जागा बधिर करून टोकदार चिमट्याने कातडीला बारीक भोक पाडतात, शुक्रवाहिनी बाहेर ओढून तिचा छोटा तुकडा काढतात, टोकं बांधतात आणि ती परत आत सोडतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

तो चालत घरी जातो म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरही जाऊ शकतो, असं घरच्यांना वाटतं. गडबड इथेच होते. पहिले दोन दिवस विश्रांती हवीच. लंगोट किंवा घट्ट अंतर्वस्त्र रात्रंदिवस घालावं, म्हणजे वृषणांचं ओझं खाली ओढलं जात नाही आणि दुखणं कमी होतं. कापडात गुंडाळलेला बर्फ मधूनमधून लावावा. आंघोळ दुसऱ्या दिवसापासून करता येते, फक्त जखम कोरडी ठेवायची. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात, घरात पडलेली ॲस्पिरिन नको, तिच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. बसून करायचं काम दोन-तीन दिवसांत सुरू होतं. सायकल, पोती उचलणं, नांगरट, व्यायामशाळा या गोष्टी आठवडाभर बंद. वृषणकोश काळानिळा पडला आणि ती नीळ मांडीकडे उतरली तर घाबरायचं कारण नाही, एक-दोन आठवड्यांत ती जिरते. सूज मात्र वाढतच चालली, ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर तडक रुग्णालय गाठावं. शंभरातल्या एखाद्या-दुसऱ्याच रुग्णाला असा त्रास होतो.

शारीरिक संबंध कधी सुरू करायचे, हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात क्वचितच कुणी विचारतं. सोबत बायको, मागे रांग, समोर परिचारिका, विचारणार कसं? र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून या विषयांवर सरळ मराठीत लिहिलं. इतकी वर्षं उलटली तरी हा संकोच सुटलेला नाही. म्हणून उत्तर इथे स्पष्ट देतो. दुखणं थांबलं आणि मनाला बरं वाटू लागलं की संबंध ठेवता येतात. काहींच्या बाबतीत हे दोन-तीन दिवसांत घडतं. अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ साधारण आठवडाभर थांबायला सांगतात, आणि मलाही तोच सल्ला अधिक पटतो. शुक्रवाहिनीची भिंत जाड स्नायूंची असते. वीर्यस्खलनाच्या वेळी ती जोराने आकुंचन पावते आणि ताज्या बांधलेल्या टोकांवर ताण येतो. हस्तमैथुनालाही हाच नियम लागू आहे. सुरुवातीला वीर्यात गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसू शकते. ते आतल्या जखमेचं थोडं रक्त असतं, ते आपोआप थांबतं आणि त्याने जोडीदाराला अपाय होत नाही. पहिल्या वेळी भीतीने ताठरता आली नाही, असंही काहींना अनुभवाला येतं. त्या रात्री अडथळा असतो तो मनातल्या धास्तीचा, शस्त्रक्रियेचा नव्हे.

शंभरात एक-दोन पुरुषांचं वृषणाचं दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं आणि त्यावर उपचार घ्यावे लागतात. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवी. शिबिरात ती सांगितली जात नसेल तर आपण विचारावी.

आता खरा मुद्दा. जखम भरली, संबंध सुरू झाले, म्हणजे नसबंदी लागू झाली असं नाही. टाकीचा कॉक बंद केला तरी पुढच्या पाइपात राहिलेलं पाणी नळाला येतंच. छेदाच्या पुढच्या भागात असे कितीतरी शुक्राणू साठलेले असतात आणि ते पुढच्या अनेक स्खलनांमधून बाहेर पडत राहतात. म्हणून तीन महिने निरोध किंवा दुसरं गर्भनिरोधक साधन वापरायचं आणि त्यानंतर वीर्यतपासणी करायची. शुक्राणू नाहीत असा अहवाल हातात आला की मगच साधन सोडायचं. या काळात संबंध टाळले तर उलट साठा रिकामा व्हायला उशीर लागतो. सरकारी नियमांप्रमाणे नसबंदीचं प्रमाणपत्रही या तपासणीनंतरच मिळतं.

ही तपासणी चुकवणारे पुरुष जगभर आहेत. आपल्याकडे तिच्यासाठी तालुक्याच्या गावी जायचं, मजुरी बुडवायची आणि एका खोलीत डबीत नमुना द्यायचा, हे अनेकांना शस्त्रक्रियेपेक्षा अवघड वाटतं. पण ती चुकली तर त्याची किंमत पुरुष मोजत नाही. नसबंदीनंतर दुसऱ्याच महिन्यात बायकोला दिवस गेले की घरात पहिला संशय कुणावर जातो, हे सांगायची गरज नाही. पाइपातल्या उरलेल्या पाण्याची गोष्ट तिच्या सासूला कुणी सांगितलेली नसते. म्हणून शस्त्रक्रियेआधीचं समुपदेशन नवरा-बायको दोघांचं व्हावं आणि तीन महिन्यांची तारीख आशाताईंच्या वहीत नोंदलेली असावी, असं मला कळकळीने वाटतं.

देशाचे आकडे पाहिले की हे आणखी बोचतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत स्त्री नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आढळलं आणि पुरुष नसबंदीचं 0.3 टक्के. पूर्वी असं नव्हतं. 1971 मध्ये केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात एका महिन्याच्या शिबिरात 63 हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. नंतर आणीबाणीतल्या सक्तीने या शस्त्रक्रियेवर भीतीचा जो शिक्का बसला, तो अजून पुसलेला नाही. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण पोटात घालावी लागते. पुरुषाचं काम कातडीखालीच आटोपतं. धोका कमी, खर्च कमी, तरी पाळी तिच्यावरच येते.

तपासणीत वीर्य स्वच्छ निघाल्यानंतरही सुमारे दोन हजारांत एका जोडप्याला पुढे गर्भधारणा होऊ शकते. कापलेली टोकं कधीकधी आपोआप सांधली जातात. अशा वेळी पहिली पायरी म्हणजे पुन्हा वीर्यतपासणी. पण तिच्यात शुक्राणू दिसले नाहीत म्हणजे मूल दुसऱ्याचं, असाही अर्थ निघत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1994 मध्ये अशा काही जोडप्यांची माहिती प्रसिद्ध झाली होती. नसबंदीनंतर त्या पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू दिसत नव्हता, तरी त्यांच्या बायकांना मुलं झाली, आणि ती त्यांचीच असल्याचं डीएनए तपासणीत सिद्ध झालं.