विश्लेषण : आजोबांचा गंजलेला वस्तरा पुन्हा चमकवता येतो का? सफाई कुठे थांबवायची?

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या कपाटाच्या खणात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात आजही घडीचा वस्तरा हाती लागतो. पाते काळवंडलेले असते, कडेला तांबूस गंज असतो आणि मूठ सैल झालेली असते. मोबाइलवर एखादा व्हिडीओ पाहून तो लगेच घासायला घेण्याचा मोह होतो. मात्र शंभर वर्षांत गंजाने केले नसेल एवढे नुकसान तासाभराच्या चुकीच्या पॉलिशने होऊ शकते. ते का, आणि योग्य पद्धत कोणती, याविषयी…

वस्तरा इतका का गंजतो?

जुने वस्तरे उच्च कार्बन असलेल्या पोलादाचे असत. त्यात साधारण एक टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. त्यामुळे पाते अत्यंत कठीण होते आणि बारीक धार धरते. पण स्टेनलेस स्टीलमध्ये असते तसे गंज रोखणारे क्रोमियम त्यात नसते. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी स्टेनलेस स्टील तयार केले ते १९१३ मध्ये. तोपर्यंत शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन येथील वस्तरे जगभर पोहोचले होते. दमट हवा, बोटांच्या घामातील मीठ आणि साबणाचे राहिलेले पाणी एवढे या पोलादाला गंज चढायला पुरेसे असते. मुंबई आणि कोकणच्या हवेत तर तो फार लवकर चढतो.

प्रत्येक डाग मात्र गंज नसतो. तांबूस, भुसभुशीत थर हा वाढत जाणारा गंज असतो आणि तो काढावाच लागतो. निळसर-काळा, गुळगुळीत थर हा लोहाच्या ऑक्साइडचा स्थिर थर असतो. तो पात्याला अपाय करत नाही, उलट काही प्रमाणात त्याचे रक्षण करतो. जुन्या वस्तूंचे अनेक संग्राहक तो मुद्दाम राखतात.

सफाईआधी काय तपासायचे?

भिंग आणि चांगला उजेड घेऊन आधी धार पाहावी. धारेला आडवी चीर गेली असेल तर ते पाते वापरण्याजोगे राहिलेले नाही. तो वस्तरा केवळ आठवण म्हणून जपावा. गंजाने पडलेले बारीक खड्डे पात्याच्या मध्यभागी असतील तर प्रश्न फक्त दिसण्याचा असतो. तेच खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील तर धार लावताना तिथे पोलाद तुटत राहते. 

दुसरी तपासणी पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याची. कारखान्याचे नाव, शहर, कधी राजमुकुटाचे चिन्ह तिथे ठोकलेले असते. वस्तऱ्याचे वय आणि मूळ सांगणारा तो महत्त्वाचा पुरावा असतो. काही पात्यांवर सोनेरी नक्षी असते. तिचा थर इतका पातळ असतो की मेटल पॉलिशच्या दोन-चार हातांत ती कायमची पुसली जाते. शिक्का आणि नक्षी यांना पॉलिश पेपर लावूच नये.

पात्याची पाठ एवढी महत्त्वाची का?

स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन पात्यातच असतो. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावर धारेचा कोन ठरतो.

उदाहरणार्थ, ५/८ इंची वस्तऱ्याची रुंदी सुमारे १६ मिलिमीटर असते. पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल तर कोन सुमारे १६ अंश येतो. चकाकीच्या नादात ही पाठ अर्धा मिलिमीटर झिजवली तर कोन १४ अंशांवर येतो. अशी धार नाजूक होते, लवकर वळते किंवा तुटते. घासून गेलेले पोलाद परत आणता येत नाही. त्यामुळे पाठीवरचा डाग राहिला तरी चालेल, पण पाठ झिजता कामा नये.

सफाईची सुरुवात कशी करावी?

सुरुवात नेहमी सर्वात सौम्य उपायाने करावी. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रशने वर्षानुवर्षांचा मळ निघतो. मूठ पाण्यात बुडवू नये. धुतल्यावर पाते आणि विशेषतः मुठीचा खिळा लगेच कोरडा करावा, कारण नवा गंज तिथूनच सुरू होतो.

त्यानंतर गंजाच्या जागी शिलाई मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवावे. सैल झालेला गंज सकाळी सुती कापडाने निघतो. मग कापडावर थोडे मेटल पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासावे. बहुतेक पाती इथपर्यंतच समाधानकारक होतात आणि काम इथेच थांबवणे उत्तम.

पॉलिश पेपर कधी आणि कसा वापरायचा?

गंज खोल असेल तरच. त्यासाठी पाण्यात वापरायचा ‘वॉटर पेपर’ घ्यावा. ६०० नंबरपासून सुरुवात करून १०००, १५०० आणि २००० असे क्रमाने जावे. खड्डे फार असतील तर ४००. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. आधीच्या कागदाचे सगळे ओरखडे मिटल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. ओरखडे मागे राहिले तर शेवटी कितीही पॉलिश केले तरी ते दिसतात.

वस्तऱ्याची बाजू खोलगट असते. त्यामुळे कागद खोडरबर किंवा बुचाच्या तुकड्यावर गुंडाळला की तो त्या खोलगटपणात बसतो. पाते लाकडी फळीवर सपाट टेकवावे. हात पाठीकडून धारेकडे न्यावा आणि धार ओलांडताच उचलावा. उलट दिशेने हात आणला तर कागद किंवा कापड धारेत अडकते आणि बोट कापते. बोथट दिसणारा वस्तराही त्वचा सहज चिरतो. पाते चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी एकदम पुसणे ही सर्वात धोकादायक सवय आहे.

मशीनवर बफ केले तर काय बिघडते?

कडकपणासाठी पोलाद लाल तापवून एकदम थंड करतात, म्हणजे लोहारांच्या भाषेत त्याला ‘पाणी देतात’. मग ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवतात. वस्तऱ्यासाठी हे दुसरे तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुढे कधीही पाते त्याहून जास्त तापले की कडकपणा उतरतो.

फिरत्या चाकावर घर्षणाने उष्णता तयार होते. पाठ जाड असल्याने ती उष्णता शोषते, पण कागदाहून पातळ धार क्षणात तापते. धारेवर पिवळट छटा आली तर तो इशारा समजावा. निळी छटा म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचले आणि धार मऊ पडली. असे पाते आरशासारखे चमकते, पण धार धरत नाही. शिवाय चाकाने पाते ओढून घेतले तर ते भिरकावले जाण्याचा धोका असतो.

चिंच, लिंबू किंवा ॲसिड चालते का?

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखतात, म्हणून तोच उपाय वस्तऱ्यावर केला जातो. मात्र आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते आणि पाते राखाडी, खरबरीत होते. टॉयलेट क्लीनरमधील तीव्र ॲसिडने कठीण पोलाद ठिसूळ होऊ शकते. ब्लीचमुळे नवे खड्डे पडतात. हे तिन्ही उपाय टाळावेत.

मुठीचे काय?

मूठ शिंग, हाड, लाकूड, हस्तिदंत किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड हे सुरुवातीच्या काळातील प्लास्टिक असून ते झटकन पेटते. जुने झाल्यावर त्यातून आम्लयुक्त वाफ निघते. बंद वस्तऱ्यात पाते जिथे मुठीत बसते नेमक्या तिथेच गंज असेल आणि उग्र वास येत असेल, तर कारण मूठच असते. असा वस्तरा इतरांपासून वेगळा आणि उघडा ठेवावा. मूठ हस्तिदंताची असेल तर ती विकण्याचा विचार सोडावा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

चमकला म्हणजे दाढीला तयार झाला का?

नाही. पॉलिश आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धार लावण्यासाठी साधारण १०००, ४०००, ८००० नंबरचे दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा लागतो. हे काम पहिल्या वस्तऱ्यावर शिकू नये, जाणकाराकडून करून घ्यावे.

प्रश्न संसर्गाचाही आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. त्यामुळेच सलूनमध्ये आता प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते लावायचे वस्तरे वापरले जातात. जुना वस्तरा वापरायचाच असेल तर एकाच व्यक्तीने वापरावा. पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे, मात्र त्याने पूर्ण निर्जंतुकीकरण होत नाही, हे लक्षात ठेवावे. गंजामुळे धनुर्वात होतो हा समज अर्धवट आहे. धनुर्वाताचे जंतू माती-धुळीत असतात, गंजात तयार होत नाहीत. तरीही सफाई करताना कापले तर जखम धुऊन डॉक्टरांना विचारून धनुर्वाताची लस घ्यावी.

पुन्हा गंजू नये म्हणून काय करावे?

पाते कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सर्वत्र पुसावा. खोबरेल किंवा गोडे तेल नको, ते कालांतराने चिकट होते. वस्तरा बाथरूममध्ये किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण दोन्हीकडे ओलावा साठतो. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाते उघडून पाहावे. तांबूस ठिपका दिसलाच, तर त्या दिवशी तेल आणि कापड पुरते. वर्षभराने मात्र वॉटर पेपर काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी थोडे पोलाद कमी होते.