खलनायकाला हसावे की भ्यावे?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात डिस्ने कंपनीचे ‘मॅजिक किंगडम’ नावाचे एक करमणुकीचे उद्यान आहे. ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. या उद्यानात केवळ खलनायकांसाठी एक वेगळी वसाहत उभारण्याचा बेत कंपनीने १० ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केला. राजकन्यांचा महाल तेथे पूर्वीपासून आहे. आता चेटकिणी, दुष्ट सावत्र आया आणि कपटी वजीर यांची पाळी आली. दोन मोठे खेळ, खाण्यापिण्याच्या जागा आणि दुकाने असा हा बेत आहे. तो जाहीर होताच त्या चित्रपटांच्या शौकिनांत वाद माजला. वादाचा मुद्दा असा की, या वसाहतीत शिरणाऱ्याने भ्यावे, की हसावे?

मोंढ्यातल्या हमाल सोबत्यांना आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा एक जण म्हणाला, “येगळी वसाहत कशापायी? हितं काय जागा कमी पडली त्यायला?” थट्टा बाजूला ठेवली तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. दुष्टपणा मुलाबाळांपुढे कोणत्या सुरात मांडावा, हा प्रश्न एकट्या फ्लॉरिडाचा नाही. लातूर-नांदेडची मुलेही तेच चित्रपट घरच्या पडद्यावर पाहतात. शिवाय आपल्या यात्रा-जत्रांत दैत्य आणि राक्षस पिढ्यान्‌पिढ्या नाचत आले आहेत. म्हणून या वादाची फोड करून पाहणे आपल्याही कामाचे आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे : खलनायक म्हटला की भय आलेच. काटेरी रान, काळोख, वाड्याच्या खिडकीतला हिरवा उजेड, हे सारे पाहून काळजात धस्स झाले नाही, तर ती खलनायकांची वसाहत कसली? मग ती काळ्या कपड्यांतल्या बाहुल्यांची दुकानदारीच झाली. दुसरा पक्ष म्हणतो : बापाच्या खांद्यावर बसून चार वर्षांचे पोर तेथे येणार, त्याला रडवून काय मिळवायचे? शिवाय हे खलनायक लोकांना आवडतात ते त्यांच्या ऐटीमुळे, त्यांच्या गाण्यांमुळे, सगळ्या जगात आपणच शहाणे या त्यांच्या घमेंडीमुळे. ती घमेंड जिरते तेव्हा मौज येते. तेव्हा सूर मौजेचाच असावा.

याच उद्यानात हे दोन्ही प्रयोग पूर्वी होऊन गेले आहेत. १९७१ साली उद्यान उघडले तेव्हा हिमगौरीच्या गोष्टीवर एक खेळ होता. छोट्या गाडीत बसून काळोख्या दालनांतून जायचे. त्यातली कल्पना अशी की, गाडीत बसलेला माणूस हाच हिमगौरी. त्यामुळे हिमगौरीची बाहुली जवळजवळ दिसतच नसे. दिसे ती वळणावळणाला आडवी येणारी चेटकीण. मुले रडत बाहेर पडत. १९९४ साली कंपनीने खेळात फेरफार केला, हिमगौरीला आत आणले, भय कमी केले. २०१२ साली तो खेळ बंद झाला. दुसरा खेळ १९९५ सालचा. प्रेक्षकांना खुर्चीत अडकवून बसवायचे, दिवे मालवायचे आणि परग्रहावरचा एक हिंस्र प्राणी सुटून आपल्या मानेमागे श्वास टाकतो आहे, असे भासवायचे. तो २००३ साली बंद झाला आणि २००४ साली त्याच जागी एका खोडकर प्राण्याचा विनोदी खेळ आला. तो पुष्कळ जुन्या शौकिनांना फिका वाटला. २०१८ साली तोही संपला.

म्हणजे भय घातले तरी पंचाईत आणि हसू घातले तरी पंचाईत. याचे कारण शोधू लागलो, तेव्हा आम्हांस असे दिसले की, हसावे की भ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा की, पाहणाऱ्याला उभे कोठे केले आहे? ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या जागी? अन्याय करणाऱ्याच्या शेजारी? की दोघांनाही पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या घोळक्यात? हिमगौरीच्या जागी बसविले की भय आपोआप येते. चेटकिणीच्या शेजारी बसविले की तिच्या ऐटीची गंमत वाटते. आधी जागा ठरते, मग सूर ठरतो. ही गोष्ट आपल्याकडच्या उदाहरणांनी अधिक स्पष्ट होईल.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जनावरांचा बाजार, तमाशाचे फड, आकाशपाळणे, सगळे तेथे असते. पण ज्या देवाची ही यात्रा, त्याच्या कथेतच दोन खलनायक आहेत, मणी आणि मल्ल. ‘मल्हारी माहात्म्या’तील हे दोघे भाऊ, दोघेही दैत्य, दोघांनाही देवाने लढाईत पाडले. मणीला मरतेसमयी पश्चात्ताप झाला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ राहण्याचा वर मागितला. तो त्याला मिळाला. मल्लाने मात्र मरतानाही जगाचा संहारच मागितला. त्याचे शिर देवळाच्या पायरीशी आले, भक्तांच्या पायाखाली. आणि तरी देवाचे एक नाव पडले मल्हारी, म्हणजे मल्लाचा अरी. वैऱ्याचे नाव देवाच्या नावात कायमचे राहिले. एकाच देवाच्या दारात एका दैत्याला नमस्कार आणि दुसऱ्यावर पाय! सगळ्या दैत्यांना आपल्या लोकांनी एकाच मापाने मोजले नाही. ज्याची जशी करणी, तशी त्याची जागा.

कोकणात दशावतारी खेळाच्या पूर्वार्धात संकासुर येतो. वेद चोरणारा हा असुर. काळा वेश आणि लोंबती लाल जीभ पाहून पुढे बसलेली लहान मुले आईच्या पदराआड लपतात. आणि तोंड उघडले की हाच असुर गावच्या बोलीत असे काही बोलतो की, तीच मुले खदखदून हसतात. फ्लॉरिडाच्या शौकिनांना जे दोन सूर एकमेकांचे वैरी वाटतात, ते येथे एकाच अंगावर नांदतात. असे का होते? पाहणारा येथे काळोख्या गाडीत एकटा नसतो. तो सगळ्या गावाबरोबर बसलेला असतो. शेजारचा हसला की आपले भय निवळते. आणि असुराचा निकाल लागतो तो सर्वांसमक्ष. गावकऱ्यांच्या घोळक्यातली जी तिसरी जागा आम्ही वर सांगितली, ती हीच.

आता दुष्टाच्या शेजारी उभे राहण्याविषयी. त्यात सगळेच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. १९५९ सालच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या चित्रपटात मॅलेफिसंट ही खलनायिका होती. तिची बाजू सांगणारा स्वतंत्र चित्रपट त्याच कंपनीने २०१४ साली काढला. आपल्या शेतकऱ्याने हे काम फार पूर्वी केले आहे. पुराणात बळी हा असुरांचा राजा, वामनाने त्याला पाताळात घातले. परंतु दिवाळीत आपल्या आयाबहिणी ओवाळताना इडापिडा टळावी आणि बळीचेच राज्य यावे, असे म्हणत आल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त याच बळीला प्रजेचा कैवारी म्हणून पुढे आणले. दुष्ट कोण हे ठरविले कोणी, असा रोकडा सवाल त्यामागे आहे. ही चौकशी वेगळी, आणि जुलूम करणाराची ऐट पाहून त्याच्यासारखा झगा विकत घेणे वेगळे. पहिल्या गोष्टीत दबलेल्याची बाजू कळते, दुसरीत दाबणाराची मौज तेवढी कळते. नव्या वसाहतीत दुकाने असणार आहेत, म्हणून हा भेद सांगून ठेवला.

निव्वळ भयाचाही एक धोका आहे आणि तो मराठवाड्याने ओळखला पाहिजे. हैदराबाद संस्थानातील रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याला शिंगे नव्हती की लोंबती जीभ नव्हती. अशिलांचे कागद पाहणारा, चारचौघांसारखा दिसणारा तो माणूस होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. आता मुक्तिदिनाच्या एखाद्या नाटुकलीत रझाकार हा शिंगे लावलेला राक्षस म्हणून दाखविला, तर मुले घाबरतील, टाळ्याही पडतील. पण दोन गोष्टी हातून निसटतील. एक म्हणजे, कायदा शिकलेला माणूस जुलमाचा म्होरक्या कसा बनतो, हे मुलांना कधीच कळणार नाही. दुसरी अधिक घातक. ती शिंगे एका माणसाच्या डोक्यावरून उतरून त्याच्या सगळ्या समाजाच्या डोक्यावर जाऊन बसतील. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारा ‘इमरोज’ पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. तोही मुसलमानच होता. शिंगांच्या नाटकात त्याला जागा कोठे द्यावी? भय वाटावे ते करणीचे. रूपाचे, वेशाचे, जातिधर्माचे भय मुलांच्या मनात घालू नये.

करणीचे भय कसे दाखवावे, याचा उत्तम धडा मराठी पडद्यावर आहे. १९७५ सालच्या ‘सामना’ चित्रपटात निळू फुले यांनी हिंदुराव धोंडे पाटील उभा केला. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. हा हिंदुराव साखर कारखान्याचा धनी. पाहुणचार करतो, गोड बोलतो, हसवतोही. आणि डॉ. श्रीराम लागू यांनी रंगविलेला मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी पुनःपुन्हा विचारीत राहतो. हसता हसता प्रेक्षक गंभीर होतो, कारण त्याला प्रश्न विचारणाराच्या शेजारी उभे केलेले असते. मारुती कांबळे समोर नसूनही तो साऱ्या चित्रपटात हजर असतो.

कामगार चळवळीतही आम्ही हेच पाहिले आहे. मजुरीच्या लढ्यात मालकाचा राक्षसी पुतळा मिरवला, की घोषणा दणाणतात. पुतळा जळून गेला की माणसे घरोघर जातात. एका सभेत मात्र एका हमालाने मुनिमाची नक्कल केली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, थुंकी लावून वहीचे पान उलटायचे, आणि गोड आवाजात हिशेब वाचायचा : एवढी पोती वाहिलीस बाबा, त्यातून उचल वजा, फाटके पोते वजा, चहापाणी वजा. लोक पोट धरून हसले. मग वजा होणारा एकेक आकडा आपल्याच मजुरीतला आहे, हे ध्यानात येऊ लागले आणि सभा चिडीचूप झाली. दुसऱ्या दिवशी हिशेब मागायला जी रांग लागली, तशी रांग पुतळा जाळून कधी लागली नव्हती. ते हसू फुकट गेले नाही, कारण हसणारे आपल्या जागेवर उभे राहून हसले.

आणखी एक गोष्ट या वादात सहसा कोणी काढीत नाही. खलनायकाच्या झग्याच्या आत असतो कोण? पगारावर राबणारा माणूस! कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानात वेश घेऊन वावरणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या सुमारे १,७०० कामगारांच्या युनियनसाठी मे २०२४ मध्ये मतदान झाले. ९५३ मते बाजूने आणि २५८ विरुद्ध पडली. शौकिनांनी सूर भयाचा मागितला काय किंवा विनोदाचा मागितला काय, तो सूर दिवसभर उन्हात अंगावर वागवायचा आहे तो या माणसांनी. घाबरलेले पोर लाथ मारते ती त्यांनाच, आणि टवाळ तरुण झगा ओढतो तो त्यांचाच. सुराची चर्चा करताना त्यांचेही मत विचारले, तर बिघडणार नाही.

फ्लॉरिडाची वसाहत बांधताना लातूर-नांदेडकरांचा सल्ला कोणी घेणार नाही, हे उघड आहे. परंतु शाळेचे संमेलन, गणपतीपुढचा देखावा, यात्रेतला खेळ, मुक्तिदिनाची नाटुकली हे सर्व आपल्याच हातचे आहे, आणि तेथे हाच प्रश्न दर वर्षी उभा राहतो. आमचे मत थोडक्यात असे : भय असू द्यावे, हसूही असू द्यावे; मात्र ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस खेळातून गाळू नये. हिमगौरी दिसली पाहिजे, मारुती कांबळेची आठवण निघाली पाहिजे, शोएबुल्लाला पात्र मिळाले पाहिजे. एवढे सांभाळले, तर मूल भ्याले काय आणि हसले काय, त्याचे नुकसान होणार नाही. खेळ पाहून घरी येताना मुलाला भीती वाटली का, एवढेच आपण विचारतो. त्या दुष्टाने नेमके काय केले आणि कोणाचे केले, हेही विचारावे. मुलाला ते नीट सांगता आले, तर खेळाचा सूर बरोबर लागला असे समजावे.