हरिहरेश्वरचा झिजलेला कातळ

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरची टेकडी थेट समुद्रात उतरते. तिथल्या मंदिराच्या प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली जाते आणि अचानक पायाखाली सपाट कातळ येतो.

हा कातळ बेसाल्टचा, म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हाचा. लाटा टेकडीचा पायथा कुरतडतात, वरचा आधार सुटलेला खडक कोसळतो, कडा मागे सरकतो. त्याच्या जागी उरतो तो हा चौथरा. भूगोलाच्या पुस्तकात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. नाव अवजड, पण चूक नाही.

खरी गंमत कड्याच्या अंगावर आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो छिद्रं, मध्ये पातळ भिंती. कोणी मुद्दाम कोरल्यासारखीच वाटतात. हे मुख्यतः मिठाचं काम. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक फटींत मुरतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक वाढताना आतून रेटा देतात आणि कण न कण सुटतो. एकदा खळगा पडला की आत सावली आणि ओल टिकते, मग तो आणखी खोल जातो.

पायाखालचे गोल रांजणखळगे मात्र वेगळे: ते पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी घासून केलेले.

हे सगळं पाहायचं ते ओहोटीलाच. भरतीत लाटा या कातळावर चढतात आणि प्रदक्षिणेची वाट बंद होते.