चढाई तिघांची

आमच्या वरवे बुद्रुकच्या यात्रेत एका वर्षी आमचा संघ चांगला पुढे असताना हरला. दोन्ही चढाईपटू बोनसचे बादशहा होते. समोर सहा-सात गडी उभे असले की पाय टाकायचा, रेषा ओलांडायची, गुण घेऊन परतायचं. टाळ्याही पडत होत्या. मी बाद झालेल्या पोरांपाशी बसलो होतो. मांडीवरची माती झाडत चौघं रांगेत बसलेले. जो आधी बसला तो आधी उठणार. पण कुणी उठेना. बोनसने फलकावर गुण चढतो, बसलेला गडी उठत नाही. त्यासाठी समोरच्याला हात लावून बाद करावं लागतं, नाहीतर पकड करावी लागते. आत उरलेले तिघं बघता बघता गेले, लोण बसला आणि सामना हातचा गेला.

त्या रात्रीपासून कुठलाही संघ बघताना मी आधी विचारतो, मुख्य चढाईपटू बसला तर त्याला उठवणार कोण?

प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली आणि आमची पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिली. पुढची काही वर्षं कधी बाद फेरी, कधी निराशा. खरी जुळणी प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या काळात दिसली. अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते ही तीन नावं एकत्र वाचायची सवय आपल्याला तेव्हा लागली. 2022च्या डिसेंबरात मुंबईतल्या अंतिम सामन्यात मात्र अस्लम आणि मोहित दुखापतीमुळे नव्हते. जयपूरने 33-29 असं हरवलं. चार गुणांचं ते अंतर मला आजही सलतं.

पुढच्या हंगामात पलटणने बचावपटू शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. सगळीकडे त्या आकड्याचीच चर्चा झाली आणि त्याने सर्वाधिक पकडी करून तो सार्थही केला. पण मला मोल वाटतं ते चढाईच्या तिघांचं. हंगामातला सर्वाधिक गुणांचा चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक होता, आमचा एकही नव्हता. तरी सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम, कारण तो आणि मोहित चढाई संपवून आले की पकडीतही जीव ओततात. सातांत तीन चढाईपटू घ्यायचे तर त्यांना बचावात उभं राहता आलं पाहिजे. नाहीतर कोपरारक्षक आणि मध्यरक्षक मिळून चारच गडी तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मैदानाचा अर्धा भाग राखत बसतात.

1 मार्च 2024ला हैदराबादेत हरियाणाविरुद्धच्या अंतिम सामन्यात हीच वाटणी कामी आली. गुण निघत नव्हते, दोन्हीकडचा बचाव चिवट होता. पूर्वार्धाच्या अखेरीस पंकज आत गेला आणि एका चढाईत चार गुण घेऊन आला. समोरचे जितके बाद, तितके आपले बसलेले उठू शकतात. शेवट 28-25. नऊ गुण पंकजचे, कर्णधार अस्लम आणि त्याच्या हातात चषक. आमच्या घरात त्या रात्री कुणी झोपलं नाही.

आघाडीचे असे तिघं आइस हॉकीतही असतात, पण ते जेमतेम मिनिटभर खेळून बाहेर येतात आणि दुसरे ताजे तिघं बर्फावर उतरतात. कबड्डीत ही चैन नाही. बदली पाचच. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर स्वतः बाद. तिथे कुणाला पाठवायचं हे प्रशिक्षकाला तीस सेकंदांच्या आत ठरवावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे, तिथे सर्वांत वेगवान नव्हे, सर्वांत शांत पोरगा पाठवावा.

जुळणी किती नाजूक असते ते अकराव्या हंगामात कळलं. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच संघाबाहेर गेला आणि विजेता संघ बाद फेरीतही पोचला नाही. 2025 साली तो परतला, आदित्य शिंदे बहरला आणि पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उभी राहिली. 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हार झाली, पण उठवणारे पुन्हा तयार झाले होते.

वरव्यात आता आम्ही जोड्या लावून सराव घेतो. बोनसवाला एक, हात लावणारा एक, आणि तिसरा असा की तो पकडीत साखळी सोडत नाही. हा तिसरा यंदा सापडलाय. नववीत आहे. चढाईला जाताना बाहेर बसलेल्यांकडे एकदा वळून बघतो आणि किती जण बसलेत ते मोजून घेतो.