पुस्तकातला पिवळा रंग

प्रथम वर्षाच्या मुलांना ॲनाटॉमी शिकवते म्हटलं की लोक हमखास विचारतात, ‘मुलं घाबरत नाहीत?’ घाबरतात. एखाद्याला चक्कर येते, फॉर्मॅलिनने सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. पण आठवडाभरात तीच मुलं डिसेक्शन हॉलमधून सरळ मेसला जेवायला जातात. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

आमच्याकडे सुरुवात हातापासून होते, त्यामुळे काख लवकरच समोर येते. पुस्तकात धमनी लाल, नीला निळी, नर्व्ह पिवळी. टेबलावर सगळंच मातकट, आणि मध्ये ठासून चरबी. मुलाला घाई असते. तो स्कालपेल चालवतो आणि चरबीबरोबर एखादी बारीक नर्व्हही उडवतो. खरं तर इथे पात्याचं फारसं काम नाहीच. चिमट्याने चरबी थोडी थोडी वेचायची, मिटलेल्या कात्रीचं टोक आत सरकवून कात्री उघडायची, की भोवतालचं आपोआप सुटं होतं. मग बोटांत धरून पाहायचं. जाड भिंतीची पण पोकळ लागते ती धमनी, चपटी आणि मऊ ती नीला, दोरीसारखी भरीव ती नर्व्ह. ग्लोव्ह्जमधून हे कळायला वेळ लागतो.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, मुलांना आकृतीत तोंडपाठ असतो : पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड. पण ‘मीडियन नर्व्ह दाखव’ म्हटलं की हात थबकतो. मी सांगते, आकृती राहू दे, ॲक्झिलरी आर्टरीच्या पुढ्यात इंग्रजी ‘एम’ शोध. मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन आणि अल्नार या नर्व्ह मिळून तो एम होतो. तो सापडला की तिथून मागे मागे जात बाकीच्यांची ओळख पटते.

एखाद्या देहात मात्र तो एमही धड सापडत नाही. मस्क्युलोक्युटेनियस ठरलेल्या स्नायूतून न जाता मीडियनलाच चिकटून आलेली असते. मनगटाकडे जाणारा पामारिस लाँगस हा स्नायू तर कित्येकांना नसतोच. ‘मॅडम, आमची बॉडी चुकीची आहे,’ अशी तक्रार दरवर्षी एखादं तरी टेबल करतं. बॉडी बरोबर असते. चौरसियांच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकातलं चित्र बहुतेकांचं असतं. उद्या ऑपरेशनला येणारा पेशंट त्या बहुतेकांतला असेलच असं नाही.

हे कळायला चार देह बघावे लागतात. पण तेवढी सवड कुठे? वैद्यकीय शिक्षणाच्या 1997 च्या नियमांनी दीड वर्षाचं प्रथम वर्ष एका वर्षावर आणलं, आणि टेबलाभोवती गर्दी एवढी, की मागे उभ्या असलेल्याला पुढच्याची पाठच दिसते. तो मग व्हिडिओ बघून पास होतो. पडद्यावरची आभासी टेबलंही आली आहेत. चांगली आहेत, पण त्यांतली नर्व्ह पुन्हा पिवळीच.

म्हणजे खरे देह हवेतच. पण देहदानाचा अर्ज भरून कपाटात ठेवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही भरला असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा. वेळ आल्यावर कळवायचं आणि संमती द्यायचं काम त्यांनाच करायचं असतं.