वादळ, बातमी आणि अनुपलब्धी

मंडळी, विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांपैकी एकाने आम्हाला विचारलं, "सर, वरणगावला समुद्र कुठला? चक्रीवादळावर बोलायचं तर अलिबागला जाऊन बोला." प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तापी आहे, हतनूरचं धरण आहे, पावसाळ्यात त्याच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले ही आपली बातमी. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. पण आम्ही हवामानशास्त्राचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे. आमचा विषय वादळापेक्षा वादळाची बातमी हा आहे, आणि ती वरणगावात बसून बघणारा माणूस जसा फसतो तसाच वरळीत बसून बघणाराही फसतो. आम्ही स्वतः कसे फसलो तेच आज सांगणार आहोत.

तारीख ३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. आपण सगळे घरात कोंडलेले, त्यामुळे टीव्ही सकाळपासून सुरू. 'निसर्ग' चक्रीवादळ अरबी समुद्रातून किनाऱ्याकडे येत होतं. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. वादळांच्या नावांची नवी यादी त्याच वर्षी आली होती, तिच्यातलं हे पहिलं नाव. सगळ्या वाहिन्यांवर एकच वाक्य होतं: मुंबईवर वादळ येतंय. गेटवे, मरीन ड्राइव्ह, वरळीचा सागरी पूल, रेनकोट घालून वाऱ्यात उभा राहिलेला वार्ताहर. (२०१८ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स वादळाच्या वेळी असाच एक वार्ताहर कॅमेऱ्यासमोर वाऱ्याशी झुंजत असताना त्याच्या मागून दोन माणसं आरामात चालत गेली. ती चित्रफीत जगभर फिरली. आमच्या नातवाने आम्हाला ती चार वेळा दाखवली.)

आता हवामान खात्याने नेमकं काय सांगितलं होतं ते बघा. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळपास, वादळ किनारा ओलांडेल. पट्टा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा. त्यात मुंबई होती, हे खरंच. पण पहिलंच नाव हरिहरेश्वरचं आहे, म्हणजे श्रीवर्धन तालुक्याचं. ते कोणाच्या कानात राहिलं नाही. आमच्याही नाही.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत त्याहून मोठे. चारच्या सुमाराला वाहिन्यांवर दुसरं वाक्य सुरू झालं: मुंबई वाचली, धोका टळला. मोबाइलवर विनोद सुरू झाले की मुंबई बघून वादळच घाबरलं. आम्हीही दोन पुढे पाठवले, कबूल करतो.

आमचा एक जुना विद्यार्थी श्रीवर्धनकडे शिक्षक आहे. पोरगा आपल्याच भागातला, लग्नानंतर तिकडचाच झाला. सासुरवाडीची सुपारीची वाडी आहे. तिथली रोठा सुपारी नावाजलेली. संध्याकाळी त्याला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही. सौ. म्हणाल्या, "काळजी वाटते हो." आम्ही म्हणालो, "अगं, काही झालं असतं तर टीव्हीवर आलं असतं." आणि जेवून झोपलो.

हे वाक्य नीट ऐका मंडळी. "काही झालं असतं तर टीव्हीवर आलं असतं." हे एक अनुमान आहे, आणि आम्ही आयुष्यभर वर्गात जे शिकवलं त्याच्या बरोबर विरुद्ध आहे.

आपल्या दर्शनांमध्ये ज्ञान मिळवण्याच्या साधनांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही तुम्हाला ठाऊक असतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती आणखी एक प्रमाण मानतात, अनुपलब्धी. म्हणजे न दिसणं, न सापडणं. ठरलेलं उदाहरण घड्याचं. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळलं? नसलेली वस्तू डोळ्यांना कशी दिसणार? तर घड्याची उपलब्धी झाली नाही, यावरूनच तो नाही हे कळलं. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, त्यांचं म्हणणं वेगळं आहे, त्या वादात आज शिरत नाही. पण एका गोष्टीवर बहुतेक सगळे अडून बसतात. ही अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. योग्य म्हणजे काय? घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत शिरून "घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही" असं म्हणणाऱ्याला कोणी तार्किक म्हणत नाही. तो घड्यावर पाय देऊन पडतो.

३ जूनच्या रात्री श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, खाली रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली-मंडणगड, ही सगळी अंधारी खोली होती. शब्दशः अंधारी. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद, रस्त्यांवर झाडं. कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. बातमी ज्या तारांवरून यायची त्या ताराच वादळाने तोडल्या होत्या. आणि आम्ही इकडे वरणगावात, बातमी आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून पांघरूण घेतलं.

आठव्या दिवशी त्याचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून माणगावपर्यंत आला होता. घराचे पत्रे उडाले होते, माणसं सुखरूप. वाडीतली बरीचशी पोफळी मधोमध मोडलेली किंवा मुळासकट उलटलेली, नारळ पडलेले. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात, पुरती भरायला त्याहून जास्त, हे त्यानेच सांगितलं. मग त्याने विचारलं, "सर, आमचं टीव्हीवर काय काय दाखवलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही गेटवे बघितला होता.

मुंबई वाचली, यात कसलाही चमत्कार नव्हता, तेही सांगून टाकतो. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. शिवाय ते स्वतः पुढे सरकत असतं. चालत्या रेल्वेत इंजिनाच्या दिशेने चालणाऱ्या माणसाचा वेग गाडीच्या वेगात मिळतो आणि उलट चालणाऱ्याचा वजा होतो, तसंच इथे. वादळाच्या जाण्याच्या दिशेला तोंड केलं तर उजव्या हाताला वारा जास्त, डाव्या हाताला कमी. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं. उजव्या हाताला श्रीवर्धन-दापोली, डाव्या हाताला मुंबई. म्हणजे मुंबई वाचली आणि श्रीवर्धन झोडपलं गेलं, या एकाच घटनेच्या दोन बाजू. आपल्याला त्यातली एकच सांगितली गेली.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. २९ ऑगस्ट २००५ ला अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं. ते शेवटच्या क्षणी थोडं पूर्वेला सरकलं, आणि न्यू ऑर्लिन्स शहर थोडक्यात बचावलं अशा बातम्या सुरुवातीला आल्या. त्या येत होत्या तेव्हा शहराचे बांध फुटलेले होते. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्या वस्त्यांत पाणी भरत होतं तिथून फोन येणार कसा? मग दोन दिवसांनी लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आसऱ्याला आलेल्या लोकांमध्ये खून-बलात्कारांचं थैमान चाललंय अशा बातम्या सुटल्या. त्यातल्या बहुतेक पुढे खोट्या किंवा फुगवलेल्या ठरल्या. अंधाऱ्या खोलीची दोन्ही फळं हीच. आधी म्हणायचं आत काही नाही, मग म्हणायचं आत भूत आहे.

त्याहून बोचणारी गोष्ट पोर्तो रिकोची. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने सगळ्या बेटाची वीज घालवली. मृतांचा सरकारी आकडा बरेच महिने ६४ राहिला. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारनेच नेमलेल्या विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ झाला. बाकीची माणसं भिंत पडून किंवा बुडून मेली नव्हती. कोणाचं डायलिसिस बंद, कोणाचा ऑक्सिजन बंद, कोणापर्यंत डॉक्टर पोचला नाही. ती सावकाश मेली, आणि तोपर्यंत कॅमेरे निघून गेले होते.

आता हेच प्रमाण उलट्या बाजूने कसं चालतं ते बघू, नाहीतर तुम्ही म्हणाल, सर आता कशावरच विश्वास ठेवू नका म्हणतायत. २०२० च्या त्याच आठवड्यात एक आकडा सगळीकडे फिरला, १२९ वर्षं. मुंबईवर १२९ वर्षांनी वादळ! ऐकणाऱ्याला वाटलं, १८९१ साली एक मोठं वादळ आलं असणार. मूळ गोष्ट अशी की, जून महिन्यात महाराष्ट्रावर आदळलेलं हे १८९१ पासूनचं सर्वांत जोरदार वादळ होतं. आणि १८९१ का? तर हवामान खात्याच्या वादळांच्या मार्गांच्या नोंदी तिथून सुरू होतात. १२९ हे आपल्या वहीचं वय आहे, वादळाचं नव्हे. मधल्या काळात नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला वादळाने झोडपलंय. नोव्हेंबर २००९ चं फयान तर कोकणातले मच्छीमार विसरलेले नाहीत.

दुसरी कथा त्याहून भारी. जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळ येऊन एक लाख माणसं मेली, असं कित्येक याद्यांमध्ये लिहिलेलं असतं. अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' लिहिताना आणि हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी त्याचा शोध घेतला. त्या काळच्या नोंदींमध्ये पुरावाच मिळेना. आता विचार करा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास. एक लाख म्हणजे आठातला एक माणूस. शहरात इंग्रजी वृत्तपत्रं, मराठी-गुजराती वृत्तपत्रं, बंदराच्या नोंदी, महापालिका, तारयंत्र. पुण्यात केसरी सुरू होऊन दीड वर्ष झालेलं. इतक्या लख्ख उजेडातल्या खोलीत एवढा मोठा घडा असता तर दिसला नसता का? इथली अनुपलब्धी योग्य आहे. इथे "सापडत नाही, म्हणून झालं नाही" असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे १८८२ च्या मुंबईची शांतता पुरावा आहे आणि २०२० च्या श्रीवर्धनची शांतता पुरावा नाही. फरक शांततेत नाही, खोलीतल्या उजेडात आहे. टीव्हीवर "अद्याप कोणतीही हानी झाल्याचं वृत्त नाही" हे वाक्य आलं की आम्ही आता एवढंच विचारतो, वृत्त यायला वाट शिल्लक आहे का?

मागच्या रांगेतली मंडळी चुळबुळ करतायत, केळीवाले दिसतायत. तुमच्याकडेच येतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये वावटळ उठते, रावेर-यावलच्या पट्ट्यात एका तासात बागा आडव्या होतात. त्याला नाव नसतं, यादी नसते. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण त्यातला वारा मंडळातल्या यंत्रावर मोजला जातो. यंत्र एका ठिकाणी, बाग आठ कोसांवर. आमच्या भावकीतल्या एकाची निसवलेली बाग झोपली आणि यंत्रात वारा पुरेसा नोंदला गेला नाही. त्याला तोंडावर सांगण्यात आलं की तुमच्याकडे वारा आला नाही. तो आम्हाला म्हणाला, "मग केळी काय स्वतःहून निजली?" मंडळी, अयोग्य अनुपलब्धीचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला कोणत्याही ग्रंथात सापडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. १७ तारखेला टीव्हीवर पुन्हा मुंबईची पडलेली झाडं. त्याच संध्याकाळी मुंबई हायजवळ पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. नौदलाने त्या खवळलेल्या समुद्रातून बाकीच्यांना काढलं. वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. हे सगळं आपल्याला दुसऱ्या दिवसापासून हळूहळू कळत गेलं. समुद्राइतकी अंधारी खोली दुसरी नाही.

तौक्ते यायच्या दोन दिवस आधी आमच्या त्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोफळीची नवी रोपं लावली होती, ती गुडघ्याएवढी झाली होती. म्हणाला, "सर, दोन दिवस माझा फोन लागणार नाही असंच धरून चाला. मी तीन नंबर देतो. एक माणगावचा, एक महाडचा, एक इथल्या पोलीसपाटलांचा. तिघांपैकी एकही लागला नाही तर काळजी करायला लागा." सौ.नी ते नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी माणगावचा लागला.

बराच वेळ झाला. आता तुमचे प्रश्न घेऊ, केळीवाल्यांचे आधी.