गो फर्स्टला दोन गिऱ्हाईकं मिळाली होती, तरी कंपनी मोडीत का निघाली?

२ मे २०२३. मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्ट या विमान कंपनीनं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या दिवसापासून विमानं बंद. तीही ऐन मे महिन्याच्या सुट्टीत, जेव्हा लोक तिकिटं काढून बॅगा भरून बसलेले असतात.

गो फर्स्ट म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली आपली जुनी गोएअर. स्वस्त तिकिटांची कंपनी. तिनं सगळा दोष प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन इंजिन कंपनीवर टाकला. इंजिनं बिघडतात, बदली इंजिनं मिळत नाहीत, त्यामुळे जवळपास निम्मी विमानं जमिनीवर उभी आहेत, असं तिचं म्हणणं होतं. इंजिनवाल्यांनी उलट सांगितलं की ही कंपनी पैसेच वेळेवर देत नव्हती. कारण काहीही असो, एकूण देणी ११,४६३ कोटी रुपयांची होती. त्यात बँकांचे ६,५२१ कोटी. सेंट्रल बँक ऑफ इंडिया आणि बँक ऑफ बडोदा यांची रक्कम सर्वात मोठी.

अशा वेळी कायदा काय करतो? कंपनीचा कारभार मालकांकडून काढून एका रिझोल्युशन प्रोफेशनलकडे देतो. तो गिऱ्हाईक शोधतो. आलेल्या बोलींवर कर्ज देणाऱ्या बँकांची समिती मतदान करते आणि ६६ टक्के मतं मिळाली तर कंपनी नव्या मालकाकडे जाते.

गिऱ्हाईक लवकर मिळालं नाही. आधी जिंदाल पॉवरनं उत्सुकता दाखवली, पण प्रत्यक्ष बोली लावलीच नाही. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन बोली आल्या. एक होती शारजाच्या स्काय वन कंपनीची. दुसरी होती स्पाइसजेटचे प्रमुख अजय सिंह आणि बिझी बी एअरवेज यांची मिळून. या बिझी बीमागे 'ईझमायट्रिप'चे निशांत पिट्टी होते.

गंमत अशी, की तेव्हा स्पाइसजेटचीच अवस्था बिकट होती. विमान भाड्यानं देणारे तिला कोर्टात खेचत होते आणि सुमारे १,४०० लोकांना कामावरून कमी करायची तयारी चालू होती. म्हणून अजय सिंह यांनी बोली स्वतःच्या नावानं लावली. विमानं चालवायला मदत मात्र स्पाइसजेट करणार होती. त्यांच्या बोलीचा आकडा बातम्यांत आला तो सुमारे १,६०० कोटींचा. तो सगळाच बँकांच्या खिशात गेला असता असं धरलं, तरी रुपयामागे चार आणेसुद्धा पडत नाहीत.

मग प्रश्न पडतो की हे दोघं नेमकं विकत काय घेत होते?

इथेच खरी मेख आहे. आपल्याला वाटतं, विमान कंपनी घेतली म्हणजे विमानं मिळाली. पण गो फर्स्टची विमानं गो फर्स्टची नव्हतीच. स्वस्त विमान कंपन्यांचा धंदा असा चालतो: एअरबसकडे घाऊक ऑर्डर द्यायची (गो फर्स्टनं २०११ आणि २०१६ मध्ये ७२-७२ विमानं मागवली होती), विमान आलं की ते भाड्यानं देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तिच्याकडूनच महिन्याच्या भाड्यानं वापरायचं. एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही. रिक्षा दुसऱ्याची, आपण फक्त चालवायची, तसंच.

भाडं थकल्यावर विमानांचे मालक गाड्या परत मागावं तशी विमानं परत मागू लागले. पण दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाला की कलम १४ खाली स्थगिती लागते. कंपनीच्या ताब्यातली वस्तू कुणी उचलून नेऊ शकत नाही. या एका कलमाच्या जोरावर ५४ विमानं महिनोनमहिने धूळ खात उभी राहिली आणि कंपनी कागदावर जिवंत राहिली.

परदेशी मालक चिडले. विमान बुडीत कंपनीकडून लवकर परत मिळावं यासाठी केपटाउन करार आहे आणि भारत त्यात सामील आहे, हा त्यांचा मुद्दा होता. भारतात विमान परत मिळत नाही असं एकदा ठरलं की पुढच्या सगळ्या कंपन्यांना भाडं चढं लागणार, म्हणजे शेवटी तिकीटच महागणार. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करायला सांगितलं. पुढे २०२५ मध्ये संसदेनं याबाबत स्वतंत्र कायदाही केला.

विमानं गेली, त्याआधीच कितीतरी वैमानिक दुसरीकडे गेले होते आणि विमानतळांवरच्या उड्डाणांच्या वेळाही इतर कंपन्यांना वापरायला दिल्या गेल्या होत्या. उरलं काय, तर नाव, कागदावरची ऑर्डर आणि प्रॅट अँड व्हिटनीविरुद्धचा भरपाईचा दावा. महिन्याभरात, मे २०२४ मध्ये, पिट्टींनी माघार घेतली. ज्या कंपनीकडे उडवायला एक विमान नाही, ती कोण घेणार?

बँकांनीही फार धडपड केली नाही. बातम्यांनुसार वाडिया समूहाची ठाण्यातली सुमारे ९४ एकर जमीन त्यांच्याकडे तारण होती. चार आण्यांच्या बोलीपेक्षा ती जमीन भरवशाची. समितीनं लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून मिळेल ते वाटून घेण्याचा कौल दिला आणि २० जानेवारी २०२५ ला एनसीएलटीनं त्यावर शिक्का मारला. त्याच्या दोनच महिने आधी सर्वोच्च न्यायालयानं जेट एअरवेजच्या बाबतीतही हाच आदेश दिला होता.

या वाटपाची रांग कायद्यानं ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च पहिला. मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची दोन वर्षांपर्यंतची थकबाकी. मग इतर कर्मचाऱ्यांचा एक वर्षापर्यंतचा पगार. सरकारी देणी त्यानंतर. मे २०२३ चं तिकीट काढलेला प्रवासी येतो त्याच्याही मागे, आणि त्याच्या मागे फक्त भागधारक उभे असतात.